रेबेका ग्राट्झ

रेबेका ग्राट्झ (४ मार्च १७८१ – २७ ऑगस्ट १८६९) या अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील समाजसेविका व शिक्षणप्रसारक होत्या. अमेरिकेतील ज्यू स्त्रियांची पहिली स्वतंत्र धर्मादाय संस्था, ज्यू मुलांसाठी भरणारी पहिली रविवारची शाळा आणि फिलाडेल्फियातील ज्यू अनाथ बालकांचे पहिले आश्रयगृह या तिन्ही संस्थांच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी पहिल्या संस्थेचे काम हाती घेतले आणि ऐंशी वर्षे उलटल्यानंतरही त्यांचे काम चालू होते. सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'आयव्हॅनहो' या कादंबरीतील रेबेका हे पात्र त्यांच्यावरून बेतले असल्याची समजूत रूढ असल्यामुळे त्यांचे नाव ज्यू समाजाबाहेरही पोचले. मात्र या समजुतीने त्यांच्या प्रत्यक्ष कार्याला बराच काळ झाकून टाकले.

घराणे व बालपण

रेबेका यांचा जन्म पेन्सिल्व्हेनिया राज्यात झाला. वडील मायकेल ग्राट्झ हे सायलेशियातून आलेले व्यापारी. त्यांनी थोरले बंधू बर्नार्ड यांच्या भागीदारीत फिलाडेल्फियात जम बसवला आणि पश्चिमेकडील सरहद्दीवरचा व्यापार व जमिनींचे व्यवहार केले. आई मिरियम ही लँकेस्टर येथील प्रतिष्ठित ज्यू व्यापारी जोसेफ सायमन यांची कन्या. या दांपत्याच्या बारा अपत्यांपैकी रेबेका सातव्या. अमेरिकन क्रांतियुद्ध संपण्याच्या सुमारास जन्मलेल्या या मुलीच्या घरी इंग्रजी वाङ्मय, इतिहास आणि ज्यू धर्माचार यांचे वातावरण एकत्र नांदत होते. घराण्याचे शहरातील मिक्वे इस्राएल या सिनेगॉगशी निकटचे संबंध होते.

फिलाडेल्फिया हे त्या काळी अमेरिकेचे सांस्कृतिक केंद्र होते. ग्राट्झ भावंडांचा वावर शहरातील लेखक, वकील व चित्रकार यांच्या वर्तुळात असे. लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांची व या कुटुंबाची ओळख होती. मारिया फेनो हॉफमन ही रेबेका यांची आयुष्यभराची मैत्रीण. मारियाची सावत्र मुलगी मटिल्डा हिचा आयर्व्हिंग यांच्याशी विवाह ठरला होता, परंतु १८०९ मध्ये ती क्षयाने वारली. तिच्या आजारपणात रेबेका यांनी तिची शुश्रूषा केल्याचे सांगितले जाते. चित्रकार थॉमस सली यांनी रेबेका यांची तैलचित्रे काढली व एडवर्ड मॅलबोन यांनी हस्तिदंतावर लघुचित्र काढले. त्यांच्या सौंदर्याची कीर्ती पुढे पसरली ती मुख्यतः या चित्रांमुळे.

रेबेका अविवाहित राहिल्या. एका ख्रिस्ती तरुणावर त्यांचे प्रेम होते, पण धर्माबाहेर लग्न करायचे नाही म्हणून त्यांनी त्याला नकार दिला, अशी कथा त्यांच्या हयातीतच प्रचलित झाली. या कथेतील तरुण म्हणून बहुधा वकील सॅम्युएल युइंग यांचे नाव घेतले जाते. कथेला भक्कम लेखी आधार नाही. ज्यू समाज तेव्हा अगदी लहान होता, त्यामुळे जोडीदाराची निवडही मर्यादित होती, आणि ग्राट्झ भावंडांपैकी अनेक जण अविवाहितच राहिले, ही वस्तुस्थिती अशा कथांत सहसा येत नाही. धाकटा भाऊ बेंजामिन याने केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे स्थायिक होऊन मारिया गिस्ट या ख्रिस्ती तरुणीशी विवाह केला. रेबेका यांना अशा विवाहांविषयी शंका वाटत असे, तरीही या वहिनीशी त्यांचे अत्यंत जिव्हाळ्याचे नाते जुळले. दोघींमधील पत्रव्यवहार हा आज रेबेका यांच्या चरित्राचा एक प्रमुख आधार आहे.

१८०१ ची संस्था

१८०१ मध्ये फिलाडेल्फियातील वीसेक स्त्रियांनी एकत्र येऊन, परिस्थिती खालावलेल्या स्त्रिया व मुले यांना मदत करणारी एक संस्था स्थापन केली. त्यांत ज्यू व ख्रिस्ती अशा दोन्ही धर्मांच्या स्त्रिया होत्या. रेबेका यांच्यासह त्यांची आई व बहीण या कामात सहभागी होत्या, आणि अवघ्या विसाव्या वर्षी रेबेका संस्थेच्या चिटणीस झाल्या. 'परिस्थिती खालावलेल्या' या शब्दांना त्या काळी नेमका अर्थ होता. ज्यांनी पूर्वी बरे दिवस पाहिले आणि युद्ध, वैधव्य किंवा दिवाळखोरीमुळे ज्यांच्यावर हात पसरण्याची वेळ आली, अशा स्त्रियांना मदतीत अग्रक्रम असे. जन्मापासून दारिद्र्यात असलेल्यांविषयी तत्कालीन परोपकारी वर्गाची दृष्टी अधिक कठोर होती, आणि या संस्थाही त्याला अपवाद नव्हत्या.

चिटणीसपद हे शोभेचे पद नव्हते. सभांचे वृत्तांत लिहिणे, वार्षिक अहवाल तयार करणे, वर्गणीदारांशी पत्रव्यवहार करणे आणि आलेल्या अर्जांची नोंद ठेवणे ही सर्व कामे चिटणिसाकडे असत. रेबेका यांनी पुढील सहा दशके, एकामागून एक संस्थेत, हेच काम पत्करले. अध्यक्षपद इतरांकडे जाई आणि लेखणी त्यांच्याकडे राही. संस्थांची भाषा, घटना आणि धोरण यांवर त्यांची छाप पडली ती याच कारणाने.

तत्कालीन कायद्यानुसार विवाहित स्त्रीची मिळकत पतीच्या ताब्यात असे व तिला स्वतःच्या नावे करार करता येत नसे. त्यामुळे अनेक स्त्रीसंस्था खजिनदार अविवाहित असावी असा नियम करीत. वैयक्तिक जीवनात सहानुभूतीचा विषय ठरणारे अविवाहितपण सार्वजनिक कामात असे उपयोगी पडे.

१८१५ मध्ये फिलाडेल्फियात अनाथाश्रम स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांमध्ये रेबेका होत्या. थोड्याच वर्षांत त्या त्याच्या चिटणीस झाल्या व सुमारे ४० वर्षे त्या पदावर राहिल्या. हा आश्रम कोणत्याही एका पंथाचा नव्हता. तरी व्यवस्थापक बहुतेक ख्रिस्ती असल्यामुळे मुलांचे वळण ख्रिस्ती पद्धतीचे असणे क्रमप्राप्त होते. रेबेका यांनी हे अनेक वर्षे आतून पाहिले.

घरगुती जबाबदाऱ्याही वाढत होत्या. १८०८ मध्ये आई व १८११ मध्ये दीर्घ आजारानंतर वडील वारले. १८१७ मध्ये थोरली बहीण सारा गेली. १८२३ मध्ये धाकटी बहीण रेचेल लहान मुले मागे ठेवून वारली, तेव्हा ती मुले रेबेका यांच्या घरी आली आणि तेथेच वाढली. सायमन, हायमन, जोसेफ व जेकब या भावांसह चाललेले हे घर म्हणजे आप्तेष्टांचे एक मोठे आश्रयस्थान होते. त्या स्वतः श्रीमंत घरातील असल्या तरी १८२० च्या दशकात भावांच्या व्यापाराला मोठा फटका बसला, आणि परिस्थिती खालावणे म्हणजे काय याचा थोडा अनुभव घरातच आला.

ज्यू स्त्रियांची स्वतंत्र संस्था

१८१९ हे अमेरिकेत आर्थिक मंदीचे वर्ष होते. याच वर्षी मिक्वे इस्राएलमधील स्त्रियांनी रेबेका यांच्या पुढाकाराने ज्यू स्त्रियांची हितकारिणी संस्था स्थापन केली. अमेरिकेत सिनेगॉगच्या कारभारापासून स्वतंत्र असलेली ज्यू स्त्रियांची ही पहिली धर्मादाय संस्था मानली जाते. तोवर गरीब ज्यूंना मदत मिळे ती सिनेगॉगच्या निधीतून, आणि तो पुरुषांच्या हाती असे.

शहरात इतर धर्मादाय संस्था असताना नवी संस्था कशासाठी, हा प्रश्न साहजिक होता. त्या काळी अमेरिकेत ख्रिस्ती धर्मजागृतीची मोठी लाट आली होती. गरिबांना अन्न व कपडे देणाऱ्या अनेक मंडळांतील स्त्रिया धर्मप्रसार हा सेवेचाच भाग समजत. ज्यू विधवेच्या दारात मदत येई ती बहुधा पुस्तिका, प्रार्थना आणि मुलांना ख्रिस्ती शाळेत पाठवण्याच्या आग्रहासह. त्यात दुष्टबुद्धी असेच असे नाही, आणि रेबेका यांच्या स्वतःच्या जिवलग मैत्रिणींपैकी कित्येक जणी अशा मंडळांत होत्या. परंतु चुलीत लाकूड नाही आणि मुले उपाशी आहेत अशा स्थितीत आईने धर्म व भाकरी यांत निवड करावी, ही वेळच येऊ नये असे रेबेका यांना वाटे. मदत आपल्याच समाजातून, मान राखून आणि वेळेवर मिळाली पाहिजे, हा नव्या संस्थेचा पाया होता.

संस्थेचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून व देणग्यांतून चाले. सभासद स्त्रिया गरजू कुटुंबांच्या घरी स्वतः जात, परिस्थिती पाहत आणि अन्न, सरपण, कपडे, औषधपाणी किंवा निवाऱ्याची व्यवस्था करीत. पुढे प्रवासात अडकलेल्यांना मदत आणि काम मिळवून देण्याची सोय यांचीही भर पडली. मदत घेणाऱ्यांची नावे चारचौघांत होऊ नयेत यावर कटाक्ष असे. हिब्रू भाषेत दानासाठी वापरला जाणारा 'त्सदाका' हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. देणे ही मेहरबानी नसून कर्तव्य आहे, ही त्यामागील धारणा. ती जुनीच होती. ती अमलात आणण्यासाठी स्त्रियांनी स्वतःची घटना, स्वतःचा खजिना आणि स्वतःची सभा उभी करणे हे नवे होते.

हनुका व हिवाळ्यातील मदत

फिलाडेल्फियाचा हिवाळा कडक असतो. डेलावेअर नदी गोठली की बंदरावरची कामे थांबत, रोजंदारी बुडे आणि नेमक्या त्याच वेळी सरपण महाग होई. त्यामुळे या संस्थांच्या कामाचा भार वर्षाच्या अखेरीस सर्वांत जास्त असे. ज्यूंचा हनुका हा सण याच दिवसांत येतो. इ. स. पू. दुसऱ्या शतकात मॅकाबी बंधूंच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी जेरुसलेमचे मंदिर परत मिळवून त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली, त्याच्या स्मरणार्थ किस्लेव्ह महिन्याच्या २५ तारखेपासून आठ दिवस दिवे लावले जातात. परक्या सत्तेच्या दडपणाखाली स्वधर्म टिकवण्याची ही कथा आहे. मदतीच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवणाऱ्या शहरातील ज्यू कुटुंबांना तिचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आज अमेरिकेत हनुकाच्या दिवसांत ज्यू स्त्रियांची मंडळे कपडे, खेळणी, शिधा गोळा करून वाटतात. ही प्रथा रेबेका यांनी सुरू केली असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. त्यांच्या काळी हनुका हा घरात साधेपणाने पाळला जाणारा दुय्यम सण होता. त्याला अमेरिकेत सार्वजनिक रूप आले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नाताळच्या वाढत्या झगमगाटाला उत्तर म्हणून, आणि मुलांसाठी हनुकाचे समारंभ भरवण्यात रविवारच्या शाळांचा मोठा वाटा होता. रेबेका यांच्या पिढीने त्या शाळा उभ्या केल्या, विनावेतन काम करणाऱ्या शिक्षिका तयार केल्या आणि घरोघर जाऊन मदत पोचवण्याची पद्धत घालून दिली. पुढील पिढीने सण साजरा केला तो याच व्यवस्थेच्या आधाराने. हिवाळ्याच्या गरजांशी थेट संबंध असलेले आणखी एक मंडळ म्हणजे १८३८ मध्ये सुरू झालेले ज्यू स्त्रियांचे शिवणमंडळ. रेबेका यांच्या सहकारी लुइझा हार्ट या त्याच्या सूत्रधार होत्या. सभासद एकत्र बसून कपडे शिवीत व ते गरिबांना देत.

रविवारची शाळा

रेबेका यांच्या कार्यातील सर्वांत दूरगामी परिणाम करणारा भाग म्हणजे त्यांची शाळा. १८१८ मध्ये त्यांनी आप्तांच्या मुलांसाठी घरी हिब्रू वर्ग चालवून पाहिला होता, पण तो फार काळ टिकला नाही. वीस वर्षांनी, हितकारिणी संस्थेच्या ठरावानुसार, ४ मार्च १८३८ रोजी रविवारची शाळा उघडली. त्या दिवशी रेबेका यांना ५७ वर्षे पूर्ण झाली. सुमारे ५० मुलांनी आरंभ झाला.

शाळेचा साचा सरळसरळ ख्रिस्ती होता. प्रॉटेस्टंट रविवारच्या शाळांच्या देशव्यापी संघाचे मुख्य ठाणे फिलाडेल्फियातच होते आणि त्यांचे यश रेबेका जवळून पाहत होत्या. ज्यूंचा विश्रांतिदिन शनिवार, तरी शाळेसाठी रविवार निवडला गेला, कारण त्या दिवशी सारे शहर बंद असे आणि मुले मोकळी असत. शिक्षण इंग्रजीतून होते. सिनेगॉगचे सभासद असो वा नसो, कोणत्याही ज्यू मुलाला व मुलीला विनाशुल्क प्रवेश होता. मुलगे व मुली एकच अभ्यास करीत. ज्यू परंपरेत धर्मशिक्षण देणे हे पुरुषांचे काम मानले जात असताना या शाळेत शिकवणाऱ्या सर्व जणी स्त्रिया होत्या, आणि त्या वेतन घेत नसत. शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुली पुढे तेथेच शिक्षिका होत.

आरंभी पुस्तकेच नव्हती. ख्रिस्ती संघाची बायबलविषयक पुस्तके आणून त्यांतील ज्यू धर्माला न मानवणाऱ्या मजकुरावर कागद चिकटवून ती वापरली जात. ही अडचण लवकरच दूर झाली. मिक्वे इस्राएलचे हझ्झान, म्हणजे प्रार्थनाप्रमुख, आयझॅक लीसर यांनी लहान मुलांसाठी प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक लिहिले व ते १८३९ मध्ये रेबेका यांना अर्पण केले. सिम्हा पिक्सोटो व रेचेल पाइक या दोघी बहिणी शाळेत शिकवीत. त्यांनीही पाठ्यपुस्तके रचली. लीसर हे आचारधर्मात कडक होते. त्यांनी स्त्रियांच्या या उपक्रमाला मनापासून साथ दिली ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शाळेतील वातावरणाचे वर्णन रेबेका यांची नातेवाईक व विद्यार्थिनी रोझा मॉर्डेकाय यांच्या आठवणींत आले आहे. झेन रस्त्यावर एका अग्निशमन पथकाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत वर्ग भरत. साधा काळा पोशाख केलेल्या वृद्ध मिस ग्राट्झ उंच बैठकीवर बसून स्वतः रचलेली प्रार्थना म्हणत व बायबलमधील उतारा वाचत. वार्षिक परीक्षेनंतर प्रत्येक मुलाच्या हाती एक संत्रे आणि एक खारा प्रेट्झेल पडे. त्या काळच्या गरीब मुलाला संत्रे ही अपूर्वाईची गोष्ट होती, आणि अनेक वर्षांनीही ती आठवत राहिली.

हा नमुना झपाट्याने पसरला. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे त्याच वर्षी अशी शाळा निघाली. पुढे कवयित्री पेनिना मोइस तिच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या १८४२ च्या स्तोत्रसंग्रहात हनुकावरील रचनाही आहे. सव्हाना, रिचमंड, बाल्टिमोर येथेही अशा शाळा सुरू झाल्या. फिलाडेल्फियातील शाळेच्या प्रमुखपदी रेबेका १८६४ पर्यंत, म्हणजे वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत राहिल्या. त्यांच्यानंतर लुइझा हार्ट यांनी ते पद सांभाळले.

बालकांचे आश्रयगृह

१८४० नंतर जर्मन भाषिक प्रदेशांतून ज्यू स्थलांतरितांचा ओघ वाढला. त्यांतील अनेक कुटुंबे निष्कांचन होती. आईबाप वारले, किंवा एकट्या आईला काम करून मूल सांभाळणे अशक्य झाले, तर मूल ख्रिस्ती अनाथाश्रमात जाई. अनाथाश्रमाच्या कारभारात अनेक दशके घालवलेल्या रेबेका यांना याचा अर्थ ठाऊक होता. १८५० मध्ये त्यांनी लीसर यांच्या मासिकात टोपणनावाने पत्र लिहून ज्यू मुलांसाठी स्वतंत्र आश्रयगृहाची मागणी मांडली. प्रत्यक्ष गृह उघडायला १८५५ उजाडले. तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. याचे व्यवस्थापनही स्त्रियांकडे होते. पुढे इतर संस्थांत विलीन होऊन या गृहाचे काम विसाव्या शतकातही चालू राहिले.

अखेरची वर्षे

यादवी युद्धाने ग्राट्झ कुटुंब दुभंगले. बेंजामिन यांचा मुलगा केरी संघराज्याच्या बाजूने लढताना १८६१ मध्ये मिसूरीतील विल्सन्स क्रीकच्या लढाईत मारला गेला. त्यांचा सावत्र मुलगा जोसेफ शेल्बी त्याच लढाईत विरुद्ध बाजूला होता आणि पुढे दक्षिणेच्या सैन्यात सेनापती झाला. रेबेका संघराज्याच्या बाजूच्या होत्या, पण दोन्हीकडचे आप्त त्यांना तितकेच जवळचे होते. या सुमारास बहुतेक भावंडे निवर्तली होती. २७ ऑगस्ट १८६९ रोजी फिलाडेल्फिया येथे रेबेका यांचे निधन झाले. मिक्वे इस्राएलच्या स्प्रूस रस्त्यावरील जुन्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

'आयव्हॅनहो'ची कथा

स्कॉट यांची कादंबरी १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तीत रुग्णांची सेवा करणारी, सुंदर व स्वधर्मावर अढळ असलेली रेबेका नावाची ज्यू तरुणी आहे. आयर्व्हिंग १८१७ मध्ये स्कॉटलंडमध्ये स्कॉट यांना भेटले होते, तेव्हा त्यांनी रेबेका ग्राट्झ यांच्याविषयी सांगितले व त्यावरून हे पात्र सुचले, असे म्हटले जाते. दोघांची भेट झाली हे खरे. बाकीच्या दुव्याला समकालीन पुरावा मिळत नाही. एकोणिसाव्या शतकातील वाचकांना ही कथा प्रिय वाटली, कारण तीत ज्यू स्त्री त्यागमूर्ती म्हणून येते आणि कोणाच्याही व्यवस्थेला धक्का लावत नाही. प्रत्यक्षातील रेबेका सभा बोलावीत, अहवाल लिहीत, वर्गणी गोळा करीत आणि परंपरेने पुरुषांकडे असलेली कामे स्त्रियांच्या हाती देत.

दुसरा एक गैरसमज ग्राट्झ कॉलेजविषयी आहे. १८९५ मध्ये स्थापन झालेले हे ज्यू शिक्षणाचे महाविद्यालय रेबेका यांच्या नावाने निघाले असे अनेकदा समजले जाते. वस्तुतः ते त्यांचे भाऊ हायमन यांनी १८५६ मध्ये केलेल्या विश्वस्त निधीतून उभे राहिले.

रेबेका यांची भाची सारा अ‍ॅन मॉर्डेकाय यांनी १८९३ मध्ये त्यांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. डेव्हिड फिलिप्सन यांनी संपादित केलेला त्यांच्या पत्रांचा संग्रह १९२९ मध्ये निघाला. संशोधक डायन अ‍ॅश्टन यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या चरित्रात संस्थांच्या कागदपत्रांच्या आधारे त्यांच्या संघटनकार्याची सविस्तर मांडणी केली आहे. याच लेखिकेने पुढे अमेरिकेतील हनुकाचा इतिहासही लिहिला. १८१९ मध्ये स्थापन झालेली हितकारिणी संस्था रेबेका यांच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे फिलाडेल्फियातील गरजू ज्यू स्त्रियांना मदत करीत राहिली.